वाचकांचे प्रश्न : समग्र आहारशास्त्र शिकायचे आहे, पण कोठे आणि कसे?

'होलिस्टिक न्यूट्रिशन', म्हणजेच माणसाच्या मन-सवयी-परिसरासह आहाराचा विचार करणारे समग्र आहारशास्त्र, शिकण्याविषयी अनेक वाचकांनी विचारणा केली आहे. काहींना त्यातून व्यवसाय करायचा आहे, काहींना मुलांसाठी अभ्यासक्रम निवडायचा आहे, तर काहींना आपल्या घरापुरते ज्ञान हवे आहे. हेतू वेगळे असल्यामुळे उत्तरेही वेगळी आहेत, म्हणून या वेळचे सदर याच विषयासाठी ठेवले आहे.

प्रश्न : मी वाणिज्य शाखेची पदवीधर असून खासगी नोकरी करते. समग्र आहारशास्त्राचा सहा महिन्यांचा ऑनलाइन प्रमाणपत्र अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर आहारसल्लागार म्हणून व्यवसाय सुरू करता येतो, असे एका जाहिरातीत वाचले. फी माझ्या दृष्टीने मोठी आहे. प्रवेश घ्यावा का? (सोलापूर)

उत्तर : रुग्णांना आहारसल्ला देऊन उपजीविका करण्याचा आपला विचार असेल, तर प्रवेश घेऊ नये. केंद्र सरकारने 2021 मध्ये संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग स्थापन करणारा कायदा केला. त्याच्या अनुसूचीत पोषणशास्त्रातील व्यावसायिकांचा स्वतंत्र गट असून, रुग्णालयातील आहारतज्ज्ञांपासून सार्वजनिक आरोग्य व क्रीडा क्षेत्रातील पोषणतज्ज्ञांपर्यंत सारे त्यात येतात. या कायद्यानुसार 'आरोग्यसेवा व्यावसायिक' ठरण्यासाठी तीन ते सहा वर्षांत विभागलेले, किमान 3,600 तासांचे पदवी शिक्षण आवश्यक आहे. सहा महिने दर शनिवारी आणि रविवारी दोन-दोन तास वर्ग झाले, तरी एकूण तास शंभराच्या आसपासच भरतात. शिवाय, या कायद्याच्या कक्षेतील अभ्यासक्रम दूरस्थ वा ऑनलाइन पद्धतीने चालवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने 2025 च्या शैक्षणिक सत्रापासून विद्यापीठांना बजावले असून, त्यात अन्न व पोषणशास्त्राचाही उल्लेख आहे. विद्यापीठांनाच जे करता येत नाही, ते एखाद्या खासगी संस्थेच्या प्रमाणपत्राने साधेल, ही अपेक्षा धरणे कठीण आहे.

नोंदणीची यंत्रणा टप्प्याटप्प्याने उभी राहत असल्यामुळे उद्या आपण पाटी लावली, तर कदाचित कोणी अडवणारही नाही. माझी खरी चिंता मात्र कायद्याची नसून आपल्यासमोर येऊन बसणाऱ्या माणसाची आहे. आहारसल्लागाराकडे निरोगी माणसे क्वचितच येतात. मूत्रपिंड अशक्त झालेल्या रुग्णाला 'नैसर्गिक' म्हणून रोज नारळपाणी आणि फळांचे रस सुचवले, तर त्यांतील पोटॅशियम शरीराबाहेर टाकले न गेल्यामुळे हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्या व्यक्तीने पालकाचा रस एकाएकी सुरू केला, तर त्यातील 'के' जीवनसत्त्वामुळे औषधाचा परिणाम उणावतो. दोन्ही सल्ले ऐकायला निरुपद्रवी वाटतात, आणि ते धोक्याचे केव्हा ठरतात हे ओळखण्याचे शिक्षण रुग्णालयात अनुभवी आहारतज्ज्ञाच्या हाताखाली काम करूनच मिळते. हा व्यवसाय खरोखरच करायचा असेल, तर आपल्याला पदवीपासून नव्याने सुरुवात करावी लागेल. वय आणि नोकरी पाहता हा निर्णय सोपा नाही, परंतु फी भरण्याआधी तो स्वतःशी स्पष्ट केलेला बरा. केवळ स्वतःच्या जिज्ञासेसाठी शिकायचे असेल, तर या सदरातील शेवटचे उत्तर पाहावे. त्यासाठी मोठी फी भरण्याचे कारण नाही.

प्रश्न : माझी मुलगी बारावी विज्ञान शाखेत आहे. माणसाचा, त्याच्या मनाचा, सवयींचा आणि परिसराचा एकत्रित विचार करणारे आहारशास्त्र तिला शिकायचे आहे. मात्र महाविद्यालयांचे अभ्यासक्रम पाहिले, तर त्यांत जीवरसायनशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि संख्याशास्त्रच भरलेले दिसते. यात समग्र दृष्टी कोठे आहे? (कोल्हापूर)

उत्तर : आपल्या मुलीची शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर भारतातील पोषणशास्त्राच्या इतिहासातच मिळते. ब्रिटिश लष्करी वैद्यक सेवेतील रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी 1918 मध्ये निलगिरीतील कुन्नूर येथे ब-1 जीवनसत्त्वाच्या अभावी होणाऱ्या बेरीबेरी या रोगाच्या संशोधनासाठी एक छोटी प्रयोगशाळा सुरू केली. पुढे त्यांनी उंदरांच्या वेगवेगळ्या गटांना हिंदुस्थानातील निरनिराळ्या समाजांचा नेहमीचा आहार देऊन त्यांच्या वाढीची तुलना केली. त्यांत मराठ्यांच्या आहाराचाही गट होता. गव्हाच्या पोळ्या, दूध, लोणी, डाळी आणि भाज्या असा शिखांचा आहार मिळालेले उंदीर सर्वांत धडधाकट निघाले, तर मुख्यतः कोंडा काढून पांढऱ्या केलेल्या तांदळावर वाढलेले मद्रासकडच्या आहाराचे उंदीर सर्वांत खुरटे राहिले. एकेक घटक सुटा न काढता संपूर्ण आहार तपासण्याचा हा प्रयोग इंग्लंड-अमेरिकेतील नैसर्गिक आहाराच्या पुरस्कर्त्यांना इतका भावला, की त्यांनी मॅकॅरिसन यांना आपल्या चळवळीचे पूर्वसूरी मानले. इकडे त्याच कुन्नूरच्या प्रयोगशाळेतून आजची राष्ट्रीय पोषण संस्था उभी राहिली आणि 1958 मध्ये ती हैदराबादला गेली. म्हणजे समग्र आहाराचा पुरस्कार करणारे आणि प्रयोगशाळेत जीवनसत्त्वे मोजणारे, दोघेही आपली वंशावळ एकाच माणसापर्यंत नेतात. फरक पडला तो पुढे. कोणता आहार चांगला हे उंदरांवरून दिसले, पण तो का चांगला, हे घटक वेगळे करून पाहिल्याशिवाय कळण्याजोगे नव्हते, कारण त्या आहारांमध्ये धान्याबरोबर दुधाचे आणि भाज्यांचे प्रमाणही बदलत होते.

आता अलीकडचे आणि आपल्या जवळचे उदाहरण घेऊ. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. तेथे जन्मलेल्या बाळांचे सरासरी वजन सुमारे 2.7 किलो होते, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे 3.5 किलो. लहानखुऱ्या बाळांच्या अंगावर चरबीही कमीच असणार, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात त्यांचे स्नायू आणि पोटातील अवयव लहान होते, परंतु त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी घटलेली नव्हती. दिसायला किडकिडीत आणि शरीररचनेने मेदयुक्त अशी ही बाळे पुढे मधुमेहाकडे का झुकतात, हा प्रश्न त्यातून उभा राहिला.

याच अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश मातांच्या रक्तात ब-12 जीवनसत्त्व कमी आढळले, फोलेट या दुसऱ्या ब-जीवनसत्त्वाची कमतरता मात्र जवळजवळ नव्हती. मुले सहा वर्षांची झाल्यावर तपासणी केली, तेव्हा गरोदरपणी ब-12 कमी आणि फोलेट जास्त असलेल्या मातांच्या मुलांमध्ये इन्सुलिनला होणारा विरोध, म्हणजे मधुमेहाची पूर्वखूण, सर्वाधिक दिसला. हे निष्कर्ष 2008 मध्ये प्रसिद्ध झाले. ते समजून घेण्यासाठी काय काय ठाऊक असावे लागते ते पाहा. होमोसिस्टीन या अमिनो आम्लाचे मेथिओनिन या दुसऱ्या अमिनो आम्लात रूपांतर करताना ब-12 आणि फोलेट दोन्ही लागतात आणि एकाच्या अभावी दुसऱ्याचे काम अडते, हे जीवरसायनशास्त्र झाले. ब-12 चे शोषण होण्यासाठी जठरातील पेशींनी स्रवलेले एक विशिष्ट प्रथिन लागते आणि ते शोषण लहान आतड्याच्या शेवटच्या भागात होते, हे शरीरक्रियाशास्त्र झाले. हे जीवनसत्त्व मुळात जिवाणूच तयार करतात, वनस्पती नव्हे, त्यामुळे शाकाहारी माणसाला ते प्रामुख्याने दुधा-दह्यातूनच मिळते, आणि स्पिरुलिना या पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या नीलहरित शेवाळात त्याच्यासारखा जो पदार्थ असतो तो मानवी शरीराला बहुतांशी निरुपयोगी असतो, हे सूक्ष्मजीवशास्त्र सांगते. एवढे झाल्यावरच गावातील स्त्रीच्या वाट्याला दूध किती येते, घरात ती शेवटी जेवते का, गाईचे दूध घरी राहते की डेअरीवर जाते, या प्रश्नांना अर्थ येतो. आपल्या मुलीला ज्या मन-सवयी-परिसराचा विचार करायचा आहे, तो येथे आहे.

संख्याशास्त्राविषयी विद्यार्थ्यांची तक्रार सर्वांत जास्त असते, म्हणून त्यावर थोडे अधिक लिहिते. पुण्याच्या अभ्यासात पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक घेणाऱ्या मातांची बाळे आकाराने मोठी होती. हा केवळ संबंध झाला. भाज्या-दूध परवडणाऱ्या घरांत इतरही अनेक गोष्टी बऱ्या असतात. म्हणून पुढे मुंबईतील झोपडपट्ट्यांत स्त्रियांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे विभागणी करून, एका गटाला गर्भधारणेच्या आधीपासून पालेभाज्या, फळे आणि दूध घातलेला खाऊ रोज देण्यात आला आणि दुसऱ्या गटाला हे घटक फारच थोडे असलेला खाऊ. सर्व स्त्रियांचा एकत्रित विचार करता बाळांच्या वजनात लक्षणीय वाढ झाली नाही. अतिकृश नसलेल्या आणि गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधीपासून खाऊ घेणाऱ्या स्त्रियांत मात्र परिणाम दिसला, आणि गरोदरपणातील मधुमेहाचे प्रमाणही पहिल्या गटात कमी आढळले. 'पालेभाजी खा, बाळ धष्टपुष्ट होईल' हे वाक्य अशा चाचणीनंतर किती बदलते, हे ज्याला कळते तोच रुग्णाला प्रामाणिक सल्ला देऊ शकतो.

प्रमाणांच्या कोष्टकांचेही तसेच आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशींत प्रौढ स्त्रीसाठी लोहाची शिफारस दिवसाला 29 मिलिग्रॅम आहे, तर सरासरी गरज 15 मिलिग्रॅम. पहिला आकडा जवळपास सर्व स्त्रियांची गरज भागावी अशा बेताने ठरवलेला असतो. तो प्रत्येक स्त्रीची किमान गरज समजून 28 मिलिग्रॅम घेणारीला 'लोहाची कमतरता' असल्याचे सांगणारे सल्लागार मी पाहिले आहेत.

महाराष्ट्रात या शिक्षणाची परंपरा मुख्यतः गृहविज्ञान महाविद्यालयांची आहे. मुंबईत जुहू येथील श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे सर विठ्ठलदास ठाकरसी महाविद्यालय आणि मुंबईतीलच निर्मला निकेतन, तसेच परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे सामुदायिक विज्ञान महाविद्यालय यांची माहिती अवश्य घ्यावी. महाविद्यालय निवडताना इमारत किंवा माहितीपत्रक पाहण्यापेक्षा, विद्यार्थ्यांना कोणत्या रुग्णालयात किती काळ प्रत्यक्ष काम करावे लागते आणि गावात किंवा अंगणवाडीत जाऊन आहाराची पाहणी करावी लागते का, हे विचारावे.

प्रश्न : मी ज्या अभ्यासक्रमाची चौकशी केली, त्यात रक्तगटानुसार आहार आणि शरीरशुद्धीचा म्हणजे डिटॉक्सचा आहार हे दोन स्वतंत्र भाग आहेत. हे विषय शास्त्रीय आहेत का? (नागपूर)

उत्तर : नाहीत. टोरांटो विद्यापीठातील संशोधकांनी 2014 मध्ये रक्तगटानुसार सांगितलेल्या आहारांची तपासणी केली. त्यांतील काही आहारांमुळे वजन किंवा रक्तदाब यांत सुधारणा दिसली खरी, पण ती सर्व रक्तगटांच्या लोकांत सारखीच होती, कारण भाज्या अधिक आणि तयार पदार्थ कमी खाल्ले, की कोणाचेही बरे चालते. डिटॉक्सविषयी बोलायचे तर शरीरातील त्याज्य पदार्थ बाहेर टाकण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे अहोरात्र करतात, आणि कोणता विषारी पदार्थ कोणत्या रसाने किती प्रमाणात बाहेर पडतो, हे विचारल्यावर अशा अभ्यासक्रमांकडे मोजमाप नसते. ज्या अभ्यासक्रमात हे दोन विषय शंका न घेता शिकवले जातात, त्यातील उरलेल्या भागांवरही मी विश्वास ठेवणार नाही.

प्रश्न : मी बीएएमएसच्या शेवटच्या वर्षात आहे. आयुर्वेदातील आहारविचार आणि आधुनिक पोषणशास्त्र यांचा एकत्र अभ्यास करता येईल का? प्राध्यापक म्हणतात की चरकसंहितेत सर्व काही आधीच आहे. आमच्या वर्गातील काहींना मात्र ते सारे कालबाह्य वाटते. (नाशिक)

उत्तर : एकत्र अभ्यास जरूर करावा, पण दोन्ही शास्त्रांच्या संज्ञा एकमेकींवर चिकटवू नयेत. चरकसंहितेच्या विमानस्थानातील पहिल्या अध्यायात आहाराचा विचार करताना प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता अशा आठ बाबी सांगितल्या आहेत. पदार्थ मुळात कसा आहे, त्यावर कोणते संस्कार केले, तो कशाबरोबर खाल्ला, किती, कोठे, केव्हा, कोणत्या नियमांनी आणि कोणी खाल्ला, हे एवढे प्रश्न आजच्या आहारतज्ज्ञाने रुग्णाला विचारले, तर त्याची टिपणवही चांगलीच भरेल. संयोगाचे उदाहरण घ्यायचे तर पोह्यांवर लिंबू पिळल्याने धान्यातील लोहाचे शोषण वाढते आणि त्याच पोह्यांबरोबर चहा घेतला तर ते घटते, हे आधुनिक मोजमापांनी दाखवले आहे.

याचा अर्थ चरकाला क जीवनसत्त्व किंवा चहातील टॅनिन ठाऊक होते, असा नाही. तसा दावा केल्याने त्या ग्रंथाचा मान वाढत नाही, उलट त्यातील निरीक्षणाची पद्धत झाकली जाते. ओज म्हणजे प्रतिकारशक्ती किंवा अग्नी म्हणजे पाचक विकरे अशी समीकरणे परीक्षेत उपयोगी पडत असतील, संशोधनात ती अडचण करतात. दूध आणि मासे एकत्र घेण्यास विरुद्ध आहार मानले आहे. हे विधान आपण तपासण्याजोगे गृहीतक म्हणून मांडू शकता, सिद्ध वस्तुस्थिती म्हणून नव्हे. स्वस्थवृत्त, म्हणजे निरोगी राहण्याचे आयुर्वेदीय शास्त्र, हा विषय आपण अभ्यासला आहेच. त्याच्या जोडीला साथरोगशास्त्र आणि संख्याशास्त्र मन लावून शिका. पदव्युत्तर पोषणशास्त्राला बीएएमएस पदवीधरांना प्रवेश देण्याचे निकष प्रत्येक संस्थेत वेगळे असल्यामुळे ते अर्जापूर्वी लेखी विचारून घ्यावेत.

प्रश्न : आम्ही काही वर्षांपासून टोरांटोजवळ राहतो. मी पुण्यातून सूक्ष्मजीवशास्त्रात पदवी घेतली आहे. येथील एका खासगी संस्थेत समग्र आहारशास्त्राची पदविका करावी असा विचार आहे. ती येथे आणि भारतात ग्राह्य धरली जाईल का? (ऑन्टारिओ, कॅनडा)

उत्तर : आपल्या प्रांतात 'डायटिशियन' ही उपाधी कायद्याने संरक्षित असून, तिच्यासाठी प्रांतिक नियामक संस्थेची नोंदणी लागते. त्या नोंदणीमागे मान्यताप्राप्त पदवी, प्रत्यक्ष प्रशिक्षण आणि राष्ट्रीय परीक्षा आहे. 'होलिस्टिक न्यूट्रिशनिस्ट' ही उपाधी मात्र तेथे नियमित केलेली नाही. खासगी संस्था जी आद्याक्षरे नावापुढे लावायला देतात, ती त्या संस्थांची किंवा त्यांच्या संघटनांची असतात, शासनाची नव्हेत. त्यामुळे अशी पदविका घेऊन आपण निरोगी लोकांना स्वयंपाकाविषयी आणि खाण्याच्या सवयींविषयी मार्गदर्शन करू शकाल, पण रुग्णालयात काम मिळणार नाही, आणि भारतातही वर सांगितलेल्या कायद्यातील पदवीच्या बरोबरीची ती ठरेल असे दिसत नाही. आपली पदवी सूक्ष्मजीवशास्त्राची असल्यामुळे मूलभूत विषयांचा बराच भाग आपल्याकडे आधीच आहे. तेथील विद्यापीठाकडून त्या विषयांचे किती श्रेयांक (क्रेडिट) मान्य होतात, हे आधी तपासून घ्यावे. सीमेपलीकडे अमेरिकेत जाण्याची शक्यता असेल, तर 1 जानेवारी 2024 पासून तेथे नोंदणीकृत आहारतज्ज्ञाच्या परीक्षेला बसण्यासाठी पदव्युत्तर पदवी आवश्यक झाली आहे, हेही लक्षात असू द्यावे.

प्रश्न : मी गृहिणी असून माझे शिक्षण कला शाखेतील आहे. पती मधुमेही, सासूबाई वृद्ध आणि मुलगा वाढत्या वयाचा. मला व्यवसाय करायचा नाही. घरच्या घरी पद्धतशीर अभ्यास कसा करावा? (लातूर)

उत्तर : आपल्यासाठी उत्तम साहित्य विनामूल्य उपलब्ध आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये भारतीयांसाठी आहारविषयक 17 मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली असून, सुरुवात तेथून करावी. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या पोषणविषयक पाठ्यपुस्तिका त्या विद्यापीठाच्या 'ई-ज्ञानकोश' या संग्रहात वाचता येतात. त्यांची इंग्रजी किंवा हिंदी सुरुवातीला जड वाटली, तरी पचनसंस्थेवरील प्रकरण आधी वाचल्यास पुढचे सोपे जाते. पती मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध घेत असतील, तर ते औषध दीर्घकाळ घेतल्याने ब-12 चे शोषण कमी होऊ शकते, आणि त्या कमतरतेने पायांना येणाऱ्या मुंग्या मधुमेहाच्याच आहेत असे गृहीत धरले जाते. त्याविषयी डॉक्टरांना विचारून तपासणी करून घ्यावी. तोवर स्वतःहून फॉलिक आम्लाच्या (म्हणजे फोलेटच्या) गोळ्या सुरू करू नयेत, कारण त्यांनी रक्तक्षय सुधारल्यासारखा दिसतो, पण ब-12 अभावी होणारी मज्जातंतूंची हानी चालूच राहते.

अन्नघटकांसाठी राष्ट्रीय पोषण संस्थेचीच 2017 ची कोष्टके वापरावीत. त्यांत देशाच्या निरनिराळ्या विभागांतून गोळा केलेल्या 528 पदार्थांचे पृथक्करण दिले आहे. ती वाचताना एक काळजी घ्यावी लागते. त्यांतील आकडे प्रायः कच्च्या पदार्थाच्या खाण्याजोग्या 100 ग्रॅम भागाचे आहेत, त्यामुळे ज्वारीचा आकडा भाजलेल्या भाकरीच्या वजनाला लावता येत नाही. भाकरीत पाणी असते. म्हणून आठवडाभर पीठ, डाळ आणि तांदूळ शिजवण्यापूर्वी तोलून, घरातील माणसांच्या वाटणीसह वहीत लिहून ठेवावेत, आणि त्या वाटणीत स्वतःचे नाव गाळू नये.